तेहेतीस अनारसे आणि काटकुळा जावई

कॉलेजात होती तेवढीच माझी कंबर आजही आहे, आणि हे मी कुणी न विचारता सांगत सुटायचो. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत जाड शेजाऱ्यांना फिरायला जायचे सल्ले द्यायचो. मग सहज म्हणून रक्त तपासलं आणि शुगर निघाली. मला! डॉक्टर चक्क हसले. म्हणाले, "सर, हातापायांवर मांस नाही, आणि चरबी पोटात आत जाऊन बसलीय. बाहेरून दिसत नाही एवढंच."

गंमत म्हणजे मी अकरावीला जीवशास्त्र शिकवतो. आपल्या पूर्वजांनी दुष्काळामागून दुष्काळ काढले, ज्यांच्या अंगानं मिळालेला घास चरबी करून राखला तेच तगले, असा एक तर्क आहे. अर्धपोटी आईच्या गर्भातलं बाळ स्नायूंत काटकसर करतं, चरबीत नाही, असंही म्हणतात. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर एक काटकुळा माणूस काढून समजावतो. तो माणूस मीच, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

तशात अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात. माझी सासुरवाडी देवगाव रंगारीची. सासऱ्यांनी मला पसंत केलं होतं तेच मुळी 'पोरगं सडपातळ, निरोगी' म्हणून. त्यामुळे शुगरचं तिथं बोलायचं नाही, असं मी बायकोला बजावलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती.

ताट समोर आलं. सासूबाईंनी तांदूळ तीन दिवस भिजवून, गुळात मळून, खसखस लावून, तुपात तळलेले अनारसे. वास असा, की मधुमेह गेला खड्ड्यात!

"खा जावईबापू. किती वाळलात!" म्हणणाऱ्या सासूबाई स्वतःही काडीच. बोलता बोलता त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं. "ऊन लई हाय." पाच मिनिटांत दुसरा तांब्या. मग तिसरा. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं, मामी?"

"ठेच लागली व्हती. म्हैना झाला, भरंना."

माझा अनारसा हातातच राहिला. "मामी, मला शुगर आहे," मी बोलून गेलो.

शेतात राबणारा माझा धिप्पाड मेहुणा खदखदून हसला. "दाजी, तुमाला? फुंकलं तर उडून जाताल तुमी!"

मी पिशवीतून साखर तपासायचं मशीन काढलं. मेहुण्यानं ऐटीत बोट पुढं केलं, आणि त्याची साखर अगदी ठीक निघाली. त्यानं लगेच माझ्या ताटातले दोन अनारसे उचलले. बायकोचीही ठीक. सासूबाई मात्र हात पदराखाली घेऊन बसल्या.

"मला कशाला टोचता? माझ्या अंगावर हाय का काही?"

"मामी, मीही हेच म्हणत होतो."

शेवटी लेकीनं हात धरला. मशीनवर आकडा आला तो माझ्या दुपटीहून जास्त. मेहुण्याचं चावणं थांबलं. मला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं मी या बाईला बघत होतो, आणि काडी आहे म्हणून निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायकोनं सासूबाईंना शहरात आणलं. डॉक्टरांनी चिंधी सोडून पाय नीट पाहिला आणि म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता. आता वाचेल."

दवाखान्याबाहेर येताच सासूबाई वाणाच्या मागे लागल्या. अनारसे मेहुण्यानं कधीच फस्त केले होते. वाण चुकवायचं नाही म्हणून त्यांनी कोपऱ्यावरून फुटाण्यांचा पुडा घेतला आणि भर रस्त्यात मोजून तेहेतीस फुटाणे माझ्या ओंजळीत टाकले. येणारेजाणारे बघत होते. आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत होतो.

मग चौतिसावा फुटाणा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. "तीन वर्सांनी फिरून अधिक येतो, जावईबापू. तवा वाण घेऊन मला माज्या पायानं उभं ऱ्हायचंय."

मी खाली वाकून त्यांच्या पाया पडलो, आणि त्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याला जपून हात लावला.