दुपट्यातलं लोखंड

“थांबा की. आदी गाठ सोडू द्या.” असं म्हणत नर्सबाईंचा हात बाळाच्या दुपट्यात शिरला, की माझं डोकं फिरायचं.

बहात्तरच्या दुष्काळात जेऊरच्या बाजूला सडकेचं काम चाललं होतं. तिथं खडी फोडणाऱ्या बायांच्या तान्ह्या पोरांची दर महिन्याला वजनं घ्यायची, असं संशोधन एका मोठ्या डॉक्टरांनी काढलेलं. आफ्रिकेत ते अशीच गरिबांची पोरं तोलून आलेले, तक्ताही तिकडचाच. वजन तक्त्यातल्या रेघेच्या खाली आलं तर पोराला दुधाची भुकटी, वर गेलं की बंद. मी सोलापूरहून आलेला कारकून. आकडे लिहायचे आणि दिवस मावळायच्या आत जीप जेऊरच्या मुक्कामी परत न्यायची, एवढंच मला कळत होतं.

आता आमच्या बायका कशा, तुम्हाला काय सांगायचं! पोर काट्याला टांगलं म्हणजे त्याला नजर लागणारच. म्हणून वजनाच्या दिवशी हटकून दुपट्यात लोखंड बांधायच्या. कुणी कुलूप, कुणी विळ्याचं मोडकं पातं. मी म्हणायचो, काढून फेका ते. पण नर्सबाई ऐकतील तर शपथ. आईशेजारी फतकल मारणार, तिच्या सासूची चौकशी करणार, मग तिच्याच हातानं लोखंड काढवणार आणि वजन झालं की पुन्हा बांधून देणार. एकेका पोराला अर्धा तास. मी घड्याळ दाखवलं की म्हणायच्या, “पोरं कुटं पळून जात्यात व्हय?” अहो, पोरं नाही, पण दिवस जायचा ना!

एकदा बाई एका बाळंतिणीपाशी अडकल्या. मी एकट्यानं दुपारपर्यंत चाळीस पोरं उरकली आणि छाती फुगवून वही पुढं केली. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. गेल्या महिन्यात रेघेच्या खाली असलेली एक पोरगी वर गेली होती, म्हणून मी तिचं दूध बंद केलेलं. गाठ सोडली होती का, त्यांनी विचारलं. मी भडकलो. दुधानं अंग धरलं असेल, तुम्हाला चांगलं झालेलं बघवत नाही, असंही बोललो. त्या म्हणाल्या, उद्या परत जाऊ. मी जीप दिली नाही.

तीन दिवस वाट बघून चौथ्या दिवशी बाई भुकटीचा डबा काखेत मारून चालतच निघाल्या. मी चरफडत मागोमाग गेलो.

पोरीची आई खडी फोडत होती. बाईंना बघून तिनं हातोडा खाली ठेवला.

“परवा गेली ओ बाई. लई मोटं कुलूप बांदलं हुतं, तरी गेली.”

दुधानं ती जगलीच असती, असं डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण ते कुलूप मी हातात घेऊन पाहिलं. चांगलं जड होतं.

परतल्यावर मी वहीतला आकडा खोडायला घेतला, तर बाईंनी मनगट धरलं.

“खोडू नका. फुडं लिवा, लोखंडासकट. डॉक्टरला बी कळू द्या.”

मी आकड्यापुढं लिहिलं, ‘कुलपासकट’.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. काम फार सावकाश करतात, असा अर्ज मीच त्या भांडणाच्या दिवशी चिडून धाडला होता. तो मागं घ्यायला मी सोलापूरला गेलो, तर कचेरीतले साहेब खुशीत होते. म्हणाले, काळजी सोडा, नवी नर्स तासाला वीस पोरं उरकते.