दहा लाख एक

धाडच्या थांब्यावर एस.टी. दिसली की लोक पिशव्या सावरायचे आणि इंगळे सर गाडीच्या पाटीवरचा आकडा फोडायचे. "एक हजार पाचशे त्र्याहत्तर! अकरा, अकरा अन् तेरा. बसा आता!" त्यांच्याच हाताखाली मी गणित शिकले, पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाले, तरी त्यांच्या तोंडी 'पोरी'च राहिले. मला ते आवडायचं.

"संख्येचं तोंड पाहू नको, सांधे पाह्य," ते म्हणत. सांधे म्हणजे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट. एक धरायचा, पुढचा वजा करायचा, त्यापुढचा मिळवायचा. उरेल त्याला सात, अकरा, तेरा जातात का पाहिलं की मूळ संख्येचा निकाल लागतो. या रीतीवर त्यांचा भारी जीव. दहा लाख एकाचे असे गट पाडले की उरतो फक्त दोनचा आकडा; त्याला तिघांपैकी कोणीच जात नाही. "हा गडी कोनाच्या बापाले फुटत नाई," असं ते प्रत्येक नव्या वर्गाला ऐकवत. पुढच्या भागाकारांना त्यांनी कधी हात घातला होता की नाही, कोण जाणे.

एकदा मधल्या सुट्टीत मी सहज दोन-दोनचे गट पाडले. एक, शून्य, शून्य, एक. उरलं शून्य! तीनच्या गटांमागे सात, अकरा, तेराचा गुणाकार एक हजार एक असतो, तसा दोनच्या गटांमागे एकशे एक. भागून पाहिलं: बरोबर नऊ हजार नऊशे एक. मी पळतच सरांकडे गेले. त्यांनी फळ्यावर गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला.

"हरवलं तू मले, पोरी. बुलढान्याच्या शिक्षक संमेलनात हे तूच मांडशील."

मी चुलीपुढे बसून भाषण पाठ केलं. संमेलनात मात्र नाव पुकारलं गेलं सरांचं. "या संख्येनं मला वर्षानुवर्षं छळलं, आणि एके दिवशी मी दोन-दोनचे गट पाडले," ते फळ्यापाशी सांगत होते. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "सर, काऊन केलं असं?"

"तुह्या तोंडून कोनं ऐकलं असतं वं? कालची मास्तरीन तू. माह्या नावानं सांगतलं म्हून लोकायनं मानलं." मग नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "घे, घरी चटनी कर."

वडिलांच्या जागी मानलेल्या माणसाने मला लुटलं होतं, आणि त्याला ते उपकार वाटत होते. मी दुसरबीडला बदली मागून घेतली. पुन्हा त्यांच्याशी बोलले नाही.

सर गेले त्या वर्षी आमच्या शाळेत धाडची एक नवी शिक्षिका आली. मोठ्या हौसेने तिने मला फळ्यापाशी नेलं आणि 'इंगळे सरांची कसोटी' सावकाश, दोन-दोनचे गट पाडून समजावली. मी पाहत राहिले.

"समजलं का बाई? पुन्हा सांगू?"

"सांग," मी म्हटलं.