मार्गरेटबरोबर घड्याळापर्यंत

मोबाइलवर गाणी वगैरे ऐकायची सोय नव्हती, त्या वर्षांतली गोष्ट. मी दक्षिण ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात नवीन फिजिओ होते. पुण्याहून येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

त्या बुधवारी सकाळी मी रीहॅब वॉर्डात मार्गरेटच्या बेडपाशी गेले, तेव्हा खरं सांगायचं तर माझा निर्णय झालेला होता. मार्गरेट म्हणजे शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर झालेल्या बाई. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं... पण चालायला काही तयार नाहीत. रोज गोड हसून एकच उत्तर, “आज नको गं, उद्या.”

असे नऊ ‘उद्या’ झाले होते. पुढच्या सोमवारी मीटिंग होती, घरी पाठवायचं की रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, हे ठरवायला. टाकानिनीतल्या त्यांच्या घराला दारातच चार पायऱ्या, आणि नवरा केन स्वतः हार्ट पेशंट. मी आदल्या दिवशीच रिपोर्ट लिहून ठेवला होता... पेशंट सहकार्य करत नाही, घरी पाठवणं सुरक्षित नाही.

तर बुधवारी बाई खुर्चीत बसल्या होत्या, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. हातात लायटरएवढा एमपीथ्री प्लेयर. मी विचारलं काय ऐकताय, तर म्हणाल्या, “नातीने भरून दिलंय. आपलं आपण शहर बघायची टूर. कानात एक माणूस सांगत जातो, आपण चालत जायचं.”

प्लेयरच्या छोट्या स्क्रीनवर फ्रान्समधल्या त्या शहराचं नाव होतं. मी वाचलं, “रुएन.”

त्यांनी असे डोळे मिटले, जणू माझ्याकडून फार मोठी चूक झाली. “रुआँ,” त्या म्हणाल्या. “नाकातून. म्हण.” मी म्हटलं. आपल्याला अनुस्वारांची सवय, पहिल्याच फटक्यात जमलं. बाई एकदम खूश... मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आयुष्यभर फ्रेंच शिकवलं, पण फ्रान्स पाहिलाच नाही. आधी मुलं, मग सासूचं आजारपण. आता दोघांची तिकडची तिकिटं काढली होती आणि निघायच्या तीन आठवडे आधी हे पडणं.

त्यांनी एक इअरफोन मला दिला. एका पुरुषाचा शांत आवाज होता. कॅथीड्रलच्या दाराबद्दल सांगून झालं आणि तो म्हणाला, आता कॅथीड्रलकडे पाठ करा आणि समोरच्या गल्लीत चालायला लागा.

मार्गरेटने पटकन प्लेयर बंद केला.

“रोज इथवरच ऐकते,” त्या म्हणाल्या. “पुढे चालायला सांगतो ना.”

“मग पुढे काय आहे?”

“मला काय माहीत! गल्लीत एक मोठं घड्याळ आहे, कमानीवर. एकच काटा आहे म्हणे त्याला. पण बसून ऐकणं म्हणजे कॉपी करण्यासारखं आहे. मी मुलांना कधी कॉपी करू दिली नाही.”

मी हसले. तेव्हा माझ्या डोक्यात उपचार वगैरे काही नव्हतं, शपथ. मला खरंच ते घड्याळ ऐकायचं होतं. मी म्हटलं, “मग मला कसं कळणार?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “वॉकर इकडे घे.”

एकेक इअरफोन दोघींच्या कानात आणि वायर आखूड, त्यामुळे मी त्यांना अगदी चिकटून चालत होते. त्या दिवशी अकरा पावलं झाली, खोलीच्या दारापर्यंत. कपाळावर घाम आला होता. दारात टेकून त्यांनी मला रुआँच्या त्या गल्लीतल्या लाकडी पट्ट्यांच्या जुन्या घरांविषयी सांगितलं, आणि मध्येच त्या कानातल्या माणसाचा एक उच्चारही सुधारला.

गुरुवारी नर्सेसच्या टेबलापर्यंत. शुक्रवारी लिफ्टपर्यंत, म्हणजे टूरमधल्या घड्याळाच्या कमानीखालून पार. माझ्या सिनियरला हे सांगितलं तर ती इथल्या बोलीतलं ‘झकास’ म्हणाली, “स्वीट अ‍ॅज. पण मीटिंगमध्ये पायऱ्या विचारतील.” तेही बरोबरच होतं.

सोमवारी सकाळी जिममधल्या लाकडी पायऱ्यांपाशी गेलो. केनही आले होते. मोटार मेकॅनिक होते ते, फार बोलायचे नाहीत. मार्गरेटने प्लेयर काढून त्यांच्या हातात दिला. “हा धर. मला आता लक्ष द्यायचंय.”

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी पुटपुटत होते. चार वर, चार खाली... शेवटच्या पायरीवर पाय थरथरला, मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, “नको. राहू दे.” आणि उतरल्या.

केन खाली मान घालून प्लेयरची वायर गुंडाळत होते. म्हणाले, “मार्ज, मी तिकिटं रद्द केली गं. गेल्या आठवड्यातच. सांगायचा धीर झाला नाही.”

“माहीत आहे मला,” मार्गरेट म्हणाल्या. “बरं केलंस. आधी घरच्या पायऱ्या.” आणि त्यांचा हात धरून खुर्चीत बसल्या. मग मात्र दोघंही थोडे रडले... मी उगाच वॉकरची उंची नीट करत बसले.

मीटिंगआधी मी माझा रिपोर्ट फाडला आणि नवा लिहिला. बाई त्याच आठवड्यात घरी गेल्या. पुढे त्या फ्रान्सला गेल्या की नाही, मला माहीत नाही.

पण त्या नऊ दिवसांत मी त्यांना रोज ‘आज चालणार का?’ एवढंच विचारलं होतं, याची मला अजून लाज वाटते. पडलात कसे, हे फाइलमध्ये लिहिलेलं असतंच. म्हणून आता नवीन पेशंट आला की मी आधी विचारते, तुम्हाला जायचंय कुठे? कुणी चर्च म्हणतं, कुणी नातवाची मॅच. कालचे आजोबा म्हणाले, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात), रोजचा पेपर आणायला.

मग आम्ही तिकडे निघतो.