बघायला दिलेलं नाणं

आमचे हे चांदीच्या स्मारक नाण्यांची पेटी उघडतात, कापराचा वास सुटतो आणि मी थेट रहिमतपूरच्या आमच्या बैठकीत जाऊन पोचते.

हे सांगलीहून मला बघायला आले होते. पोहे झाल्यावर ह्यांनी खिशातून एक दुर्मिळ नाणं काढलं आणि कौतुकानं माझ्या हातावर ठेवलं. मी बावळट! पसंतीची खूणच समजले. मूठ मिटून सरळ ह्यांच्या आईच्या पाया पडले.

"पोरगी लय गुणाची हाय," त्या म्हणाल्या आणि लग्न ठरलं. हे माझ्या मुठीकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, काय हे प्रेम!

पेटीतला त्या नाण्याचा खण अजून रिकामाच आहे. नाणं माझ्या बटव्यात. आजही ह्यांनी हात पुढे केला, "अगं, नुसतं बघायला दिलं होतं."

"आवं, मग माझं बघून कुठं झालंय अजून?"