वाचता येत नाही, सही येते

"ओदाक बरंगिल्ल, सही माडाक बरतद."

वकीलकाका हे माझ्या सासऱ्यांना म्हणाले. माझ्यासमोर. मधे फक्त टेबल होतं. वाचता येत नाही, सही तेवढी येते. सासरे हसले. नवरा मोबाईलमधून मान वर न काढता हसला. टायपिंग करणारी मुलगी हसली नाही, पण तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

हुबळीच्या कोप्पीकर रोडवरचं काकांचं ऑफिस. खाली चपलांचं दुकान. मी एवढंच विचारलं होतं की काका, या कागदांत काय लिहिलंय? त्याचं हे उत्तर. तेही कानडीत. मला कानडी समजतं हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मला कळू नये म्हणून ते तसं बोलले नव्हते. कळावं म्हणूनच बोलले.

मी पेन घेतलं आणि सह्या केल्या. प्रत्येक पानावर. मराठीत, वळणदार. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

मी अडाणी नाही. गडहिंग्लजकडच्या गावात बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. लग्न होऊन हुबळीत आले. दाजीबानपेठेत सासऱ्यांचं कापडाचं दुकान. वर्षभरात कानडी बोलायला लागले. इरकल घ्यायला आलेल्या बायका माझं बोलणं ऐकून मला धारवाडकडचीच समजायच्या. वाचायला मात्र शिकले नाही. घरात कॅलेंडरपासून पोथीपर्यंत सगळं मराठी. सासूबाई म्हणायच्या, आपल्याला काय करायचीत ती जिलब्यांची अक्षरं? मीही हसायचे. आमच्या घरांतून हा मोठेपणाच असतो, बोलण्यापुरतं कानडी आणि वाचायला मराठी. त्या मोठेपणात मीही फुगले होते, हे आधी कबूल करते.

नवऱ्यानं एक दिवस कापड मोजायच्या लोखंडी पट्टीनं मारलं. लेकीसमोर. मी तिला घेऊन अळणावरला मावशीकडं आले. मग दोन्हीकडची मोठी माणसं बसली. घटस्फोट घ्यायचा ठरला. दोन वकील लावले की पेठेत तमाशा होतो, म्हणून आमच्याकडं रीत अशी की वकील एकच, आपला माणूस, तो दोघांचंही बघतो. वकीलकाकांनी माझ्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या. ते म्हणाले, "पोर तुझ्याकडंच राहील. तो अधनंमधनं बघायला येईल." मी विश्वास ठेवला आणि त्या सह्या केल्या. कोर्टात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा जजसाहेबांनी विचारलं, ही सही तुमचीच का? मी म्हणाले, "हौद्री." झालं. सहा महिन्यांनी परत यायचं, असंच हो म्हणायचं, की सुटलीस, असं काकांनी सांगितलं.

लेक तेव्हा दुसरीत. तिला अळणावरच्या कानडी शाळेत घातलं होतं. नुकतं वाचायला येत होतं, त्यामुळं दिसेल ते वाचायची. बसची पाटी, बिस्किटाचा कागद, सिमेंटचं पोतं. एका दुपारी मी ट्रंक आवरत होते. मावशी शेंगा फोडत बसली होती. लेकीनं ट्रंकेतली कोर्टाच्या कागदाची नक्कल उचलली आणि म्हणाली, "आई, यात माझं नाव आहे."

मला कौतुक वाटलं. मी म्हणाले, वाच बघू.

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

ती मांडी घालून बसली. ओळीखाली बोट धरलं. शाळेत वाचतात तसं, मोठ्यानं, अक्षर सुटं करून. म-ग-ळु. तं-दे-य. व-श-द-ल्लि. मुलगी बापाच्या ताब्यात राहील. आईनं महिन्यातून एकदा, बापाच्या परवानगीनं, त्याच्या घरी येऊन तिला बघावं. कान माझे होते, कानडी मला येत होतं. एकेक अक्षर जोडून शब्द होत होता आणि मला समजत होतं. तिला थोडं उशिरा समजलं. बोट थांबलं.

"आई, मी अप्पांकडं राहायचं?"

आपलंच काही चुकलं असेल म्हणून ती परत पहिल्यापासून वाचायला लागली. दुसऱ्यांदाही तेच आलं.

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, काहीतरी सांगितलं असतं. कागदाची घडी जशी होती तशी घालून तिनं तो ट्रंकेत ठेवला. त्या दिवसापासून दारात रिक्षा थांबली की ती मोरीत जाऊन कडी लावून घ्यायची. पुढं एकदा तिचं दप्तर धुवायला काढलं तर तळाशी फ्रॉक निघाला. नीट घडी केलेला, कंगव्यासकट. मी म्हणाले, हा इथं कशाला? तर म्हणाली, "न्यायला आले तर."

ती सुटी सुटी अक्षरं अजून ऐकू येतात मला. भाकरी थापताना. रेल्वेत. तिच्या बापानं मारलेलं अंगावरून गेलं, हे जात नाही. तिची बातमी मी तिच्याकडूनच वाचून घेतली.

कोप्पीकर रोडला पुन्हा गेले. काकांनी बस म्हटलं नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं लिहिलंय, वरचा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, मला समजला. खाली तुझी सही. आता फिरलीस तर कोर्ट तुलाच खोटारडी म्हणेल." त्यांनी केसानं गळा कापला आणि वर माझ्याच सहीचा दाखला दिला. मावशीनंही समजूत घातली. बाई, बाप आहे तो, खाणार आहे का पोरीला? मला तिचं खरं वाटायला लागलं होतं. पण त्या संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. शेजारच्यांकडं पाहुणे आले होते. मोरीची कडी वाजली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या ऑफिसात गेले. तिथं बायकांना फुकट वकील देतात, हे अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं. मला मिळाली ती वकीलबाई माझ्याहून लहान, कानडी, मराठी तोडकंमोडकं. तिनं आधी मला खुर्ची दिली. मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवलं, मला समजलं नाही तिथं थांबून. माझ्या आयुष्यात कुणी माझा कागद मला असा वाचून दाखवला नव्हता. शेवटी म्हणाली, "ओप्पिगि इन्ना निम्म कैयाग ऐतिरी, अक्का." संमती अजून तुमच्याच हातात आहे. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा नाही म्हणता येतं.

तारखेला उभी राहिले. जजसाहेबांनी विचारलं, दोघांची संमती आहे ना? माझ्या आधी वकीलकाकाच बोलले, "ऐत्रि, स्वामी." आहे, साहेब.

"इल्ल," मी म्हणाले.

हॉलमधल्या माना वळल्या. काका हसून म्हणाले, बाईंना भाषेची अडचण आहे, मी सांगतो समजावून. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. "ननग यारू ओदि हेळिल्ल," मी म्हणाले. मला कुणी वाचून दाखवलं नाही. इथं वाचा. सगळ्यांसमोर वाचा.

खाली बसलेल्या कारकुनानं वाचलं. भरभर, एका सुरात. मगळु तंदेय वशदल्लि. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे मला मान्य नाही. माझी लेक मी देत नाही. नवरा पहिल्यांदा मोबाईल खिशात घालून माझ्याकडं बघत होता.

घटस्फोटाचा तो अर्ज तिथंच बारगळला. आता नवऱ्यानं पोरीसाठी वेगळी केस घातली आहे, ती चालू आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. पेठेत माझं नाव खराब झालं आहे. लेकीला मी सांगितलं की तू इथंच आहेस. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली. फ्रॉक दप्तरातून काढला नाही. मीही काढत नाही. मी काढला म्हणून तिची भीती जाणार नाही.

कानडी अक्षरं मी आता शिकते आहे, अंगणवाडीच्या बाईंकडून, लहान पोरांच्या रांगेत पाटी घेऊन. लेक म्हणाली, मी शिकवते ना. मी नको म्हणाले. तिला माझ्यासाठी पुन्हा एक अक्षरही वाचायला लावणार नाही. पुढच्या तारखेचा कागद मीच वाचणार. ओळीखाली बोट धरून, अक्षर सुटं करून, कोर्ट खोळंबलं तरी चालेल. वाचून होईपर्यंत पेनाला हात लावणार नाही.