मावशीचं बोट

पीएच.डी.नंतरची फेलोशिप मला लातूरच्या भूकंपानं मिळवून दिली, हे मी कुणाला सांगत नाही. विषय होता आरोग्यातली विषमता: शहरातल्या बाईच्या अंगात रक्त असतं, जंगलातल्या बाईच्या का नसतं. मुलाखत घेणारे तिघे जांभया देत होते. मग मी पत्र्याच्या शेडमधलं बालपण काढलं, ढिगाऱ्याखालून ओढून काढलेली आई काढली. तिघांनी चष्मे पुसले. आई मुलाखतीच्या त्या घडीला लातुरात घरी टीव्ही बघत मजेत होती, ते बोलले नाही.

लातूरच्या क्लासनं एक गोष्ट पक्की शिकवली होती: पेपरात येणार नाही त्याकडं बघायचंच नाही. मेडिकल थोडक्यात हुकलं, सवय मात्र राहिली.

मी किनवट तालुक्यात गेले, इस्लापूरच्या पुढच्या गावांत. वाट दाखवायला अंगणवाडीची मदतनीस मिळाली. पंचेचाळिशीची बाई. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला मॅडम. काम साधं होतं. तिशीच्या आतल्या बाळंतिणींच्या बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी यंत्रात सरकवायची, की रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा येतो. तो बाराच्या वर हवा. पहिल्याच गावात बायांनी दारं लावून घेतली. रक्त काढून विकतात म्हणे. मावशीनं माझ्या हातातली सुई घेतली आणि उंबऱ्यात उभं राहून स्वतःच्या बोटात खुपसली.

"हे बघा गं बायांनो, मेले का मी?"

दारं उघडली.

तीच रीत पडली. दर घरी आधी मावशीचं बोट. तिचा थेंब मी कापसानं पुसायचे आणि कापूस फेकून द्यायचे. सुया भरपूर होत्या, पट्ट्या मात्र जेवढ्या बाया तेवढ्याच. चार महिन्यांत तिच्या डाव्या हाताची चाळण झाली, मग तिनं उजवा पुढं केला. मिरची कुटताना लई झोंबतं म्हणायची आणि हसायची.

एकदा चढावर ती मटकन बसली. "लई दम लागून राहिला, मॅडम. दोन वर्सं झाली, अंगावरून लई जातंय. माझं बी बघा की एकदा."

"तुमचं वय बसत नाही मावशी," मी म्हणाले. "सगळं संपलं की बघू."

"हाव," म्हणाली आणि उठली.

पुढं पुढं थेंब फिका येऊ लागला. बोट दाबून दाबून काढावा लागे. मला दिसत होतं. फिकं रक्त ओळखायलाच तर मला नेमलं होतं! पण मावशीशिवाय एक दार उघडत नव्हतं. हिला दवाखान्यात धाडलं तर आपलं काम अडेल, हे अगदी याच शब्दांत मनात आलं होतं, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. आज त्या बाईची, म्हणजे माझीच, किळस येते.

शेवटच्या गावात तीन घरं उरली होती. एका दारात बोट पुढं करून उभी असलेली मावशी तशीच खाली कोसळली. जीपनं नांदेडला नेईपर्यंत ओठ पांढरेफटक झाले होते. तिथल्या डॉक्टर मुलीनं आकडा सांगितला, दोन पॉइंट आठ. माझ्या वहीत इतका खालचा आकडा एकही नव्हता.

"इतके दिवस कुणीच कसं तपासलं नाही?" ती ओरडली.

मावशीचा नवरा माझ्याकडं बघत म्हणाला, "ह्या मॅडमपाशी मशीन हाय की."

मावशीनं डोळे उघडले. "आता तरी बसते का मी तुमच्या वहीत?"

मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताची पिशवी चढत असतानाच ती गेली. अहवालात एक रकाना असतो, अभ्यासातल्या व्यक्तींपैकी दगावलेल्यांचा. त्यात मी शून्य लिहिलं. नियमानं ते बरोबरच होतं, आणि मला आणखी एक वर्ष वाढवून मिळालं.