फ्रिजमध्ये ठेवायचं झाड

लासुर्ण्यातल्या घरासमोर गाडी सुरू होऊन उभी होती आणि मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, पाया पडायचं सोडून त्यांना एका कुंडीबद्दल सूचना देत होते. आईच्या वर्षश्राद्धाला आले होते, आता परत नेदरलँड्सला निघाले होते. मागे राहणार एकटे आबा आणि पुण्याच्या नर्सरीतून आणलेलं माशा खाणारं झाड, व्हीनस फ्लायट्रॅप. तसंच एक तिकडे माझ्या खिडकीत आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बोलायला दोघांना काहीतरी हवं, एवढाच विचार. परदेशी गेलेले आपण आईबापांना स्वतःऐवजी वस्तू देतो. मी त्यातल्या त्यात जिवंत वस्तू दिली.

"बोअरचं पाणी घालायचं नाही, आबा. खत तर मुळीच नाही."

"खत न्हाय, मग खातंय काय?"

"माशा."

"मग हितं काय कमी न्हाय त्याला."

आबांनी सगळं पाळलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी इंदापूरहून कॅन भरून आणलं. दुपारच्या उन्हासाठी कुंडीवर शेडनेटचा तुकडा बांधला. पाहुण्यांना आवरणं मात्र त्यांना जमलं नाही. चहा होईपर्यंत प्रत्येकाला झाडाच्या तोंडात बोट घालून बघायचं असे, आणि घरी आलेल्याला नको म्हणणं आबांच्या स्वभावात नाही. असं उगीच मिटलेलं तोंड चार-सहा वेळांत निकामी होतं. 'परदेशस्थ कन्येचे पिता' म्हणून आबांना शाल-नारळ द्यायला आलेल्या एका पुढाऱ्यानंही फोटोसाठी बोट घातलं. त्याला पकडणारं तालुक्यातलं ते पहिलंच.

तरी झाड तगलं. अडलं ते डिसेंबरात. या झाडाला थंडीची झोप लागते, नाहीतर ते खंगत जातं. तिकडे ती खिडकीत फुकट मिळते. लासुर्ण्यात डिसेंबरातही दुपारी घाम येतो. उपाय एकच: मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून झाड दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायचं. दर रविवारी मी विचारायची, "ठेवलं का?" आबा म्हणायचे, "ठिवतो की." जानेवारीत मी चिडले. एक कप्पा रिकामा करायला एवढं काय लागतं, असं बोलून गेले.

आबा म्हणाले,

"न्हाय गं ठिवता येत. तुजी आई दोन दिस त्या पेटीत हुती. काचंवर पाणी धरायचं, मी पुसायचो. तू येस्तवर."

मृतदेह ठेवायची ती गार पेटी बारामतीहून भाड्यानं आणली होती, माझ्यासाठी. मला तिकीटच उशिराचं मिळालं होतं. मी पोचले तेव्हा काच स्वच्छ होती. ती कुणी पुसली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुन्हा मी फ्रिजचं नाव काढलं नाही. एप्रिलच्या उन्हात झाड काळं पडत गेलं. एका रविवारी आबांनी मोबाइल कुंडीवर धरला.

"म्याच मारलं," ते म्हणाले. "नाही, आबा," मी म्हटलं.

मग, ऊस तुटून गेल्याचं सांगावं तशा आवाजात, "आणि हे बघ. माज्या येळंला अग्नी द्यायला कुणी थांबायचं न्हाय, म्हणून समद्यास्नी सांगून ठिवलंय. तू घाई करू नगो. सावकाश ये."

घर म्हणजे आपली वाट बघणारं कुणीतरी, असं आपण गेलेले लोक एकमेकांना सांगत असतो. माझ्या घरानं आता वाट न बघायचं ठरवलं आहे. तेही माझ्याच सोयीसाठी.